फुटबॉल क्लबमधून मालकाची आर्थिक माघार

फुटबॉल क्लबच्या उत्पन्न आणि खर्चातील तूट स्वतःच्या पैशातून भरून काढणाऱ्या व्यक्तीने, उद्योगसमूहाने किंवा गुंतवणूकदाराने तो पैसा देणे थांबविल्यास त्यास मालकाची आर्थिक माघार असे म्हणतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये अनेक क्लब आपल्या नियमित उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करतात. अशा क्लबला मालकाचा निधी बंद झाल्यावर थोड्याच काळात खेळाडूंचे वेतन, कर आणि पुरवठादारांची देणी चुकविणे अशक्य होते. पुढे खेळाडूंची विक्री, नोंदणीबंदी, गुणवजावट, न्यायालयीन प्रशासकाची नेमणूक, खालच्या श्रेणीत घसरण आणि काही वेळा क्लबचे अवसायन असे परिणाम संभवतात. काही ठिकाणी समर्थकांनी त्याच नावाने किंवा मिळत्याजुळत्या नावाने नवा क्लब स्थापन करून तळाच्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात केली आहे.

स्कॉटलंडमधील ग्रेटना (२००८), इंग्लंडमधील बरी (२०१९), चीनमधील जिआंग्सू (२०२१) आणि भारतातील महिंद्रा युनायटेड (२०१०) व जेसीटी (२०११) ही या प्रकाराची ठळक उदाहरणे आहेत.

पार्श्वभूमी

व्यावसायिक क्लबचे उत्पन्न मुख्यतः चार मार्गांनी येते: सामन्यांची तिकिटे, प्रक्षेपण हक्कांतील वाटा, जाहिरात व प्रायोजकत्व आणि खेळाडूंच्या हस्तांतरणातून मिळणारी रक्कम. खर्चाचा सर्वांत मोठा भाग खेळाडूंच्या वेतनाचा असतो. वरच्या श्रेणीत बढती मिळाल्यास किंवा खंडीय स्पर्धेत प्रवेश झाल्यास उत्पन्न अनेक पटींनी वाढते. ही संधी साधण्यासाठी क्लब आजच्या उत्पन्नावर न परवडणारे खेळाडू घेतात. ज्यांना बढती मिळत नाही त्यांच्याकडे केवळ वाढलेला खर्च उरतो.

खेळाडूंचे करार साधारणतः अनेक वर्षांचे असतात, तर उत्पन्न दरवर्षी बदलते. मालकाने निधी थांबविला तरी करारांनी बांधलेला खर्च थांबत नाही. कारखान्यात मागणी घटल्यास उत्पादन कमी करता येते. क्लबला मात्र हंगाम सुरू असताना ठरलेले सर्व सामने खेळावेच लागतात आणि नव्या खेळाडूंची नोंदणी व विक्री ठरावीक कालावधीतच करता येते. त्यामुळे माघार हंगामाच्या मध्यावर झाल्यास तिचे परिणाम अधिक तीव्र होतात.

निधीचे स्वरूप

मालकाने क्लबमध्ये पैसा कोणत्या स्वरूपात घातला आहे, यावर माघारीनंतरची परिस्थिती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

भागभांडवल: या प्रकारात मालक नवे समभाग घेतो. हा पैसा क्लबला परत करावा लागत नाही, त्यामुळे माघारीनंतर जुना बोजा राहत नाही.

कर्ज: मालक क्लबला कर्ज देतो आणि स्वतःच धनको बनतो. काही वेळा या कर्जासाठी क्लबचे मैदान तारण असते. असा मालक निघून गेला तरी त्याचा हक्क क्लबवर कायम राहतो. चेल्सीचे मालक रोमान अब्रामोविच यांनी दिलेले कर्ज सुमारे १.५ अब्ज पाउंड होते. मार्च २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादल्यावर क्लबला विशेष परवान्याखाली चालवावे लागले आणि नवी तिकिटे विकण्यास बंदी आली. मात्र चेल्सीचे बाजारमूल्य मोठे असल्याने त्याच वर्षी मे महिन्यात क्लबची विक्री झाली. कर्जाची परतफेड मागणार नसल्याचे अब्रामोविच यांनी आधीच जाहीर केले होते.

प्रायोजकत्व किंवा विभागीय खर्च: उद्योगसमूह स्वतःच्या नावाने संघ चालवितो आणि त्याचा खर्च आपल्या अंदाजपत्रकात दाखवितो. भारत व चीनमधील अनेक क्लब या प्रकारात मोडतात. येथे क्लबला स्वतंत्र आर्थिक अस्तित्व जवळजवळ नसते. उद्योगसमूहाने निर्णय बदलला की क्लब संपतो.

माघारीची कारणे

मालकाचे आजारपण किंवा मृत्यू, त्याच्या मूळ व्यवसायाचे अपयश, सरकारी धोरणातील बदल, क्लबच्या अन्य भागधारकांशी मतभेद आणि गुंतवणुकीतून अपेक्षित लाभ न होणे ही माघारीची नेहमीची कारणे आहेत. इटलीतील पार्मा हा क्लब पार्मालात या दुग्धउत्पादन कंपनीच्या आधारावर १९९३ ते १९९९ या काळात तीन युरोपीय करंडक जिंकू शकला. डिसेंबर २००३ मध्ये ही कंपनी कोसळताच क्लबही विशेष प्रशासनाखाली गेला. फ्रान्समध्ये बोर्दो या क्लबच्या मालकीच्या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये यापुढे निधी देणार नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी क्लबला नवा मालक मिळाला, परंतु आर्थिक अडचणी सुटल्या नाहीत. फ्रान्सचे विजेतेपद सहा वेळा मिळविलेल्या या क्लबने २०२४ मध्ये व्यावसायिक दर्जा सोडला आणि त्याला चौथ्या श्रेणीत जावे लागले.

घटनाक्रम

रोखीची टंचाई

पहिली लक्षणे सहसा मैदानाबाहेर दिसतात. छपाई, खानपान, प्रवास, वैद्यकीय सेवा आणि सुरक्षा पुरविणाऱ्या स्थानिक व्यावसायिकांची बिले थकतात. त्यानंतर कराचा भरणा आणि अन्य क्लबांना द्यावयाचे हस्तांतरणाचे हप्ते लांबतात. वेतन उशिरा होऊ लागल्यावर ही बाब सार्वजनिक होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पार्माकडे सामन्यासाठी नेमावयाच्या मैदान-कर्मचाऱ्यांना देण्यापुरतेही पैसे नव्हते, म्हणून उदिनेसेविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

खेळाडूंची विक्री व करारमुक्ती

क्लबची सर्वांत लवकर रोखीत बदलता येणारी मालमत्ता म्हणजे खेळाडूंची नोंदणी. परंतु विक्रेत्याची निकड सर्वांना ठाऊक असल्याने किंमत पडते. रशियातील आंझी मखाचकला या क्लबने २०११ मध्ये मालक सुलेमान केरिमोव यांच्या पैशावर सॅम्युएल एटोसारखे खेळाडू आणले होते. ऑगस्ट २०१३ मध्ये अंदाजपत्रकात मोठी कपात जाहीर होताच काही आठवड्यांत बहुतेक प्रमुख खेळाडू विकले गेले. तो संघ त्याच हंगामाच्या अखेरीस खालच्या श्रेणीत घसरला आणि २०२२ मध्ये क्लब विसर्जित झाला.

फिफाच्या नियमांनुसार क्लबने किमान दोन महिन्यांचे वेतन थकविल्यास खेळाडू लेखी सूचना देऊन १५ दिवसांची मुदत देऊ शकतो आणि तरीही देणे न मिळाल्यास न्याय्य कारणास्तव करार संपवू शकतो. अशा वेळी क्लबला हस्तांतरणाची रक्कम मिळत नाही. म्हणजेच वेतन थकल्यामुळे विकण्याजोगी मालमत्ताच हातातून जाते. थकबाकीदार क्लबवर नवे खेळाडू नोंदविण्याची बंदीही येते. त्यामुळे रिकाम्या जागा अकादमीतील तरुण खेळाडूंनी भराव्या लागतात.

प्रशासन, तडजोड आणि अवसायन

इंग्लंड व स्कॉटलंडमध्ये देणी चुकविण्यास असमर्थ ठरलेल्या क्लबवर प्रशासक नेमला जातो. प्रशासक हा दिवाळखोरी प्रकरणांतील परवानाधारक तज्ज्ञ असून क्लब चालता ठेवून त्याच्यासाठी ग्राहक शोधणे हे त्याचे काम असते. खर्च आटोक्यात आणण्यासाठी तो प्रथम कर्मचारी कमी करतो. त्यानंतर धनकोंपुढे तडजोडीचा प्रस्ताव मांडला जातो. मतदानात भाग घेणाऱ्या धनकोंपैकी मूल्याने किमान ७५ टक्के धनकोंनी तो मान्य केल्यास क्लब ठरलेला अंश देऊन उरलेल्या कर्जातून मुक्त होतो.

प्रस्ताव फेटाळला गेल्यास कंपनी अवसायनात निघते. स्कॉटलंडमधील रेंजर्स या क्लबच्या बाबतीत जून २०१२ मध्ये कर विभागाने तडजोड नाकारली. त्यानंतर क्लबची मालमत्ता नव्या कंपनीने ५५ लाख पाउंडांना घेतली आणि संघाला देशातील चौथ्या श्रेणीपासून खेळावे लागले.

गुणवजावट

दिवाळखोरीचा लाभ घेऊन कर्ज टाळणाऱ्या क्लबला क्रीडास्पर्धेत अनुचित फायदा मिळतो, या विचारातून गुणवजावटीचा नियम आला. लेस्टर सिटी हा क्लब २००२-०३ च्या हंगामात प्रशासकाखाली असतानाही बढती मिळवून प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. त्यावर झालेल्या टीकेनंतर इंग्लिश फुटबॉल लीगने २००४ पासून अशा क्लबचे १० गुण वजा करण्यास प्रारंभ केला. पुढे ही वजावट १२ गुणांची करण्यात आली. प्रीमियर लीगमध्ये ती ९ गुणांची आहे.

या शिक्षेवर असा आक्षेप घेतला जातो की, तिची झळ निघून गेलेल्या मालकाऐवजी खेळाडू आणि समर्थकांना बसते. विगन ॲथलेटिकची मालकी जून २०२० च्या आरंभी बदलली आणि १ जुलै रोजी, म्हणजे महिनाभरातच, क्लब प्रशासकाकडे गेला. संघाने जुलैमध्ये हल सिटीचा ८-० असा पराभव केला आणि मैदानावर मिळविलेल्या गुणांनुसार तो गुणतक्त्याच्या मध्यावर होता. तरीही १२ गुण वजा झाल्याने तो तिसऱ्या श्रेणीत घसरला.

धनकोंचा क्रम

इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘फुटबॉल धनको’ नावाचा नियम आहे. त्यानुसार दिवाळखोर क्लबला लीगमध्ये राहावयाचे असल्यास खेळाडू आणि अन्य क्लब यांची देणी पूर्ण चुकवावी लागतात. उरलेल्या रकमेत कर विभाग, स्थानिक व्यावसायिक आणि सेवाभावी संस्था यांना वाटा मिळतो. पोर्ट्समथच्या २०१० मधील तडजोडीत सामान्य धनकोंना प्रत्येक पाउंडामागे २० पेन्स देण्याचे ठरले होते. कर विभागाने या नियमाला न्यायालयात आव्हान दिले होते, परंतु २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एक क्लब बुडाल्यास त्याच्याकडून हप्ते येणे असलेले अन्य क्लबही अडचणीत येतील, असे नियमाच्या बाजूने सांगितले जाते. लाखो पाउंड मिळविणाऱ्या खेळाडूचे वेतन पूर्ण दिले जाते आणि गावातील छोट्या दुकानदाराचे बिल बुडते, हा त्यावरील मुख्य आक्षेप आहे.

मैदानाचा प्रश्न

माघारीनंतर क्लबचे भवितव्य अनेकदा मैदानाच्या मालकीवर ठरते. शहराच्या मध्यवर्ती भागातील मैदानाची जमीन क्लबपेक्षा अधिक मोलाची असू शकते. मालकाने मैदान तारण ठेवले असल्यास किंवा वेगळ्या कंपनीच्या नावे केले असल्यास क्लब विकत घेणाऱ्याला केवळ नाव आणि कर्ज मिळते. पोर्ट्समथच्या समर्थकांना फ्रॅटन पार्क हे मैदान क्लबपासून स्वतंत्र व्यवहारात, न्यायालयातील दाव्यानंतर, माजी मालकाच्या कंपनीकडून मिळवावे लागले. बरीच्या बाबतीत क्लब लीगबाहेर गेल्यानंतर मैदान परत मिळविण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला.

उल्लेखनीय उदाहरणे

ग्रेटना

ग्रेटना हे स्कॉटलंड व इंग्लंडच्या सीमेवरील सुमारे तीन हजार लोकवस्तीचे गाव आहे. तेथील क्लब अनेक वर्षे इंग्लंडमधील स्थानिक लीगमध्ये खेळत असे. २००२ मध्ये एअरड्रिओनियन्स हा क्लब अवसायनात निघाल्याने रिकाम्या झालेल्या जागेवर ग्रेटनाला स्कॉटिश लीगमध्ये प्रवेश मिळाला. उद्योजक ब्रूक्स माइलसन यांच्या निधीमुळे संघाने २००५, २००६ आणि २००७ अशा लागोपाठ तीन वर्षी बढती मिळविली आणि तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला. २००६ मध्ये तो स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात खेळला. तो सामना १-१ असा बरोबरीत सुटल्यावर हार्ट्सने पेनल्टीवर विजय मिळविला. ग्रेटनाला युएफा कपमध्येही स्थान मिळाले.

गावातील रेडेल पार्क हे मैदान सर्वोच्च श्रेणीच्या निकषांत बसत नव्हते. त्यामुळे २००७-०८ मध्ये घरचे सामने शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या मदरवेल येथे खेळावे लागले आणि काही सामन्यांना जेमतेम पाचशे प्रेक्षक आले. तिकिटांतून इतका खर्च निघणे शक्य नव्हते. फेब्रुवारी २००८ मध्ये माइलसन गंभीर आजारी पडले आणि त्यांचा निधी थांबला. मार्चमध्ये प्रशासकाची नेमणूक होऊन १० गुण वजा झाले. लीगच्या मदतीने हंगाम कसाबसा पूर्ण झाला. जूनमध्ये क्लबने लीगचा राजीनामा दिला आणि ऑगस्टमध्ये त्याचे अवसायन झाले. माइलसन यांचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निधन झाले. समर्थकांनी ‘ग्रेटना २००८’ हा क्लब स्थापन केला. तो स्थानिक पातळीवर खेळतो.

पोर्ट्समथ

पोर्ट्समथने मे २००८ मध्ये कार्डिफ सिटीला १-० असे हरवून एफए कप जिंकला. त्यानंतर मालक अलेक्झांडर गायदामाक यांनी निधी आखडता घेतला आणि प्रमुख खेळाडू विकले जाऊ लागले. २००९-१० च्या हंगामात क्लबची मालकी वारंवार बदलली. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशासकाकडे जाणारा तो प्रीमियर लीगमधील पहिला क्लब ठरला. ९ गुण वजा होऊन संघ तळाला गेला. त्याच हंगामात तो एफए कपच्या अंतिम सामन्यातही पोहोचला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब दुसऱ्यांदा प्रशासकाकडे गेला आणि २०१३ मध्ये चौथ्या श्रेणीत घसरला.

एप्रिल २०१३ मध्ये समर्थकांच्या न्यासाने प्रत्येकी १,००० पाउंडांचे भाग विकून उभारलेल्या पैशातून क्लब ताब्यात घेतला. समर्थकांच्या मालकीत क्लबने जुनी देणी फेडली आणि २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले. त्याच वर्षी भागधारकांनी मतदान करून क्लब मायकेल आइझनर यांच्या कंपनीस विकला. वरच्या श्रेणीत टिकण्यासाठी लागणारे भांडवल समर्थकांना उभे करता येईल का, हा त्या वेळच्या चर्चेतील मुख्य मुद्दा होता.

बरी

ग्रेटर मँचेस्टर परिसरातील बरी या क्लबची स्थापना १८८५ मध्ये झाली. क्लबने १९०० आणि १९०३ मध्ये एफए कप जिंकला होता. १९०३ च्या अंतिम सामन्यातील डर्बी काउंटीवरील ६-० हा विजय त्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांतील सर्वांत मोठ्या फरकाचा विक्रम असून २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याची बरोबरी केली. डिसेंबर २०१८ मध्ये क्लबची विक्री अवघ्या एका पाउंडास झाली, कारण खरेदीदारास कर्जाचा बोजाही स्वीकारावयाचा होता. २०१८-१९ च्या हंगामात खेळाडूंचे वेतन थकले असतानाही संघाने तिसऱ्या श्रेणीत बढती मिळविली.

जुलै २०१९ मध्ये धनकोंशी तडजोड झाली आणि नव्या हंगामासाठी १२ गुणांची वजावट ठरली. परंतु हंगाम चालविण्याइतका पैसा असल्याचा पुरावा क्लबला देता आला नाही. लीगने सुरुवातीचे सामने स्थगित केले. नवा खरेदीदार मिळण्याची आशा असल्याने शेकडो समर्थक २७ ऑगस्ट रोजी सामन्याच्या तयारीसाठी गिग लेन हे मैदान झाडून पुसून स्वच्छ करीत होते. एका माजी संचालिकेने निषेध म्हणून स्वतःला मैदानावरील नळास बांधून घेतले होते. खरेदीचा व्यवहार फिसकटला आणि त्याच रात्री क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आले. १८९४ पासून चालत आलेले लीगचे सदस्यत्व अशा प्रकारे संपुष्टात आले. त्याच काळात प्रशासकाखाली असलेल्या शेजारच्या बोल्टन वॉन्डरर्सला मात्र दुसऱ्याच दिवशी खरेदीदार मिळाला.

समर्थकांनी डिसेंबर २०१९ मध्ये ‘बरी एएफसी’ हा नवा क्लब स्थापन केला. तो शेजारच्या रॅडक्लिफ येथे खेळू लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी अनुदान व देणग्यांच्या साहाय्याने समर्थकांच्या दुसऱ्या गटाने गिग लेन आणि क्लबचे मूळ नाव खरेदी केले. दोन्ही गटांच्या विलीनीकरणानंतर २०२३-२४ च्या हंगामापासून बरी पुन्हा आपल्या जुन्या मैदानावर खेळू लागला.

१८६० म्युनिक

जर्मनीत ‘५०+१’ नियमानुसार मतांचे बहुमत सदस्यांच्या मूळ संस्थेकडे असावे लागते. तरीही क्लब गुंतवणूकदारावर अवलंबून राहू शकतो, हे १८६० म्युनिकच्या उदाहरणावरून दिसते. १९६६ च्या या जर्मन विजेत्या क्लबची २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून घसरण झाली. तिसऱ्या श्रेणीच्या परवान्यासाठी लागणारी रक्कम गुंतवणूकदार हसन इस्माइक यांनी मुदतीत दिली नाही. परिणामी संघाला थेट चौथ्या श्रेणीत जावे लागले. क्लब अलियान्झ अरेना सोडून ग्रुनवाल्डर स्ट्रासे येथील आपल्या जुन्या, लहान मैदानावर परतला आणि पुढील वर्षी त्याने तिसऱ्या श्रेणीत बढती मिळविली.

पार्मा

पार्मालातच्या पतनानंतर पार्मा सावरला, परंतु मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने त्यास दिवाळखोर घोषित केले. त्याआधी काही आठवडे क्लबची मालकी एका युरोच्या किमतीत बदलली होती. ग्राहक न मिळाल्याने नव्या संस्थेने चौथ्या श्रेणीतून सुरुवात केली. शहरातील हजारो प्रेक्षकांनी त्या श्रेणीतही हंगामाची तिकिटे घेतली. संघाने लागोपाठ तीन वेळा बढती मिळवून २०१८ मध्ये सर्वोच्च श्रेणी गाठली.

जिआंग्सू आणि ग्वांगझू

जिआंग्सूने नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी सुपर लीगचे विजेतेपद मिळविले. त्याचा मालक सुनिंग हा किरकोळ विक्री क्षेत्रातील समूह होता. अवघ्या साडेतीन महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ रोजी, क्लबने आपले कामकाज थांबविले. आठ वेळा लीग आणि दोन वेळा आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या ग्वांगझू या क्लबला बांधकाम क्षेत्रातील एव्हरग्रांड समूहाचा आधार होता. हा समूह कर्जात बुडाल्यावर संघ २०२२ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला व्यावसायिक लीगमधून वगळण्यात आले.

भारतातील परिस्थिती

भारतात विसाव्या शतकात अनेक आघाडीचे संघ बँका, सार्वजनिक उपक्रम आणि खासगी उद्योग चालवीत असत. अशा संघांच्या बाबतीत युरोपप्रमाणे दिवाळखोरीची दीर्घ प्रक्रिया क्वचितच घडते. उद्योगसमूह देणी चुकती करून संघ बंद करतो. कर्ज मागे राहत नाही, पण विकत घेण्याजोगा क्लबही मागे राहत नाही. मैदान बहुधा भाड्याचे असते आणि संघाचे नाव उद्योगसमूहाचेच असते. त्यामुळे समर्थकांनी तोच क्लब पुन्हा उभा करणे अवघड जाते.

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. गोव्याचे डेरिक परेरा हे त्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते. शालेय स्तरावरील फुटबॉलवर लक्ष केंद्रित करण्याचे कारण देऊन समूहाने २०१० मध्ये संघ बंद केला. पंजाबातील फगवाडा येथील जेसीटी हा १९७१ मध्ये स्थापन झालेला संघ पहिल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा (१९९६-९७) विजेता होता. आय-लीगमधून घसरण झाल्यानंतर २०११ मध्ये तो विसर्जित करण्यात आला. प्रेक्षक व प्रसिद्धीअभावी संघ चालविणे व्यवहार्य राहिले नसल्याचे व्यवस्थापनाने सांगितले होते.

पुण्यात २०१५ ते २०१९ या काळात चार व्यावसायिक क्लब स्पर्धेबाहेर गेले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. तो आणि कल्याणी समूहाचा भारत एफसी हे दोन्ही २०१४-१५ च्या हंगामानंतर आय-लीगमध्ये दिसले नाहीत. भारत एफसी केवळ एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. बालेवाडीत खेळणारा इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने मार्च २०२२ मध्ये गोव्यातील फातोर्डा येथे अंतिम सामना जिंकून लीगचे विजेतेपद मिळविले. परंतु २०२३-२४ मध्ये वेतन थकल्याने अनेक खेळाडू क्लब सोडून गेले, नोंदणीबंदी आली आणि संघ तळाला राहिला. मालकी बदलल्यानंतर २०२५ मध्ये हा क्लब दिल्लीला हलविण्यात आला.

कोलकात्यातील मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची परिस्थिती वेगळी आहे. या सदस्यांच्या संस्था आहेत. प्रायोजक किंवा भागीदार बदलला तरी सदस्य, समर्थक आणि नाव कायम राहते. ईस्ट बंगालने २०१८ ते २०२२ या काळात क्वेस कॉर्प, श्री सिमेंट आणि इमामी असे तीन भागीदार पाहिले. प्रत्येक बदलाच्या वेळी क्रीडाहक्कांच्या हस्तांतरणावरून किंवा नव्या करारावरून अनिश्चितता निर्माण झाली, पण क्लब टिकला.

समाजावरील परिणाम

क्लब बंद पडल्याचा फटका मोठ्या खेळाडूंना तुलनेने कमी बसतो, कारण त्यांना अन्यत्र संधी मिळते. मैदानाची निगा राखणारे, तिकीट खिडकीवरील, स्वयंपाकघरातील आणि कार्यालयातील कर्मचारी मात्र बेरोजगार होतात. अकादमीतील मुलांना शिक्षण अर्धवट सोडून दुसऱ्या क्लबचा शोध घ्यावा लागतो. सामन्याच्या दिवशी चालणारी खानावळ, वाहतूक आणि किरकोळ विक्री थंडावते. थकीत वेतनाच्या प्रकरणांत खेळाडूंना मदत करण्यासाठी फिफा व खेळाडूंची संघटना फिफप्रो यांनी २०२० मध्ये १.६ कोटी डॉलरचा निधी स्थापन केला.

नियमन

युरोपीय फुटबॉल संघटना युएफाने २०१० मध्ये उत्पन्न व खर्चाचा मेळ घालण्याचे नियम स्वीकारले. २०२२ मधील सुधारणेनुसार वेतन, हस्तांतरण आणि दलाली यांवरील खर्चास उत्पन्नाच्या ७० टक्क्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आली. जर्मनी आणि फ्रान्समध्ये हंगामापूर्वी क्लबांची आर्थिक तपासणी होते. पुरेसा निधी दाखवू न शकणाऱ्या क्लबला परवाना नाकारला जातो किंवा खालच्या श्रेणीत पाठविले जाते.

बरीच्या घटनेनंतर इंग्लंडमध्ये ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली समर्थककेंद्री आढावा घेण्यात आला. त्याचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील शिफारशींच्या आधारे जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासन कायदा संमत झाला. या कायद्याने स्वतंत्र नियामक स्थापन करण्यात आला असून वरच्या पाच श्रेणींतील क्लबांना परवाना देणे, मालकांची आर्थिक क्षमता तपासणे आणि मैदानाची परस्पर विक्री रोखणे ही त्याची कामे आहेत.

अशा नियमांवर दोन बाजूंनी टीका होते. खर्चावर उत्पन्नाची मर्यादा घातल्यास आधीच श्रीमंत असलेल्या क्लबांचे वर्चस्व कायम राहते आणि लहान क्लबला मालकाच्या पैशावर वर येण्याची वाट बंद होते, असे एक मत आहे. मालकाने दिलेल्या वचनाएवढी रक्कम आधीच बँक हमी म्हणून ठेवण्यास भाग पाडावे, म्हणजे त्याने माघार घेतली तरी चालू करारांची देणी भागतील, असे दुसरे मत आहे.

हेही पहा

इंडियन सुपर लीग
आय-लीग
एफए कप
दिवाळखोरी
महिंद्रा युनायटेड